बोलल्याशिवाय झिप उघडायची नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

लेकी, मी पोचले. पोचले, पोचले, पोचले. तीनदा सांगितलं, कारण एकदा सांगितलेलं तुझ्या डोक्यात चहा निवेपर्यंतही टिकत नाही. गॅसवर दूध ठेवून बाजारात जाणारी तू. पोराला शाळेतून आणायचं विसरून शेजारणीला 'आज घर कसं शांत शांत वाटतंय' म्हणणारी तू. म्हणून ही रोजनिशी. मी बोलायचं, फोनने लिहायचं, तू वाचायचं. मला अक्षरं येत नाहीत म्हणून मी सगळं लक्षात ठेवते. तुला येतात म्हणून तू काहीच ठेवत नाहीस.

ही सोय तुझ्या सुनेने करून दिली. हिरव्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवायचं, बोलायचं, सोडायचं, की मजकूर थेट तुझ्याकडे. मग ती तो मला वाचून दाखवते आणि आम्ही दोघी हसतो. तिला मी पाणकोंबडी म्हणते. उबदार समुद्रात पर्यटकांना बुड्या मारायला शिकवणारी बाई, तिला दुसरं काय म्हणायचं? तिकडे पातळ कपड्यात माशांमागे हिंडायची. आता नवऱ्याला इथे पाणीपुरवठ्याच्या जाळ्या साफ करायचं काम लागलंय, तेही पाण्याखाली जाऊन, आणि तिथे जोडीनेच उतरावं लागतं. जोडीदाराची जागा रिकामी आहे. बाईसाहेबांनी ठरवलं, नवरा पाण्यात तर मीही पाण्यात. पण इथलं पाणी हाडं फोडणारं. त्यासाठी वेगळा सूट, वेगळं शिक्षण, वर परीक्षा.

घर म्हणजे शिलाई मशिनं दुरुस्त करायच्या एका बंद दुकानावरच्या खोल्या. जिना अरुंद, स्वयंपाकघर ऐसपैस. आल्या आल्या हातपाय धुवायला न्हाणीत गेले तर आत दोन माणसं उलटी टांगलेली, पाय वर, डोकीच नाहीत. अशी किंचाळले की तुझा लेक दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावत आला. ते दोघांचे ड्रायसूट होते. बुटांना धरून उलटे वाळत घालायचे असतात म्हणे. पाणकोंबडी हसून हसून जिन्यात बसली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज तळं पाहिलं. तळं कसलं, दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. कडेने पायऱ्यांसारखे कातळ, आणि मधे पाणी काळंभोर. धक्क्यावर एक लाकडी खोपटं आहे, त्यात शेगडी आणि बाकं. तिथला कारभार एका म्हाताऱ्याकडे. हवेचे सिलिंडर भरून देतो, दोर सांभाळतो, सगळ्यांवर ओरडतो. त्याला सगळे मुकादम म्हणतात.

ड्रायसूट म्हणजे काय ते तुला सांगते, नाहीतर उद्या विचारशील. आतून रजईसारखा एक कपडा घालायचा. वरून हा रबरी झगा, बुटांसकट एकसंध. गळ्याला आणि मनगटांना घट्ट पट्ट्या, त्या फाटू नयेत म्हणून पावडर लावायची. पाण्याचा थेंब आत जात नाही. आत फक्त माणूस आणि हवा. मी म्हटलं, पाण्यात जायचं आणि भिजायचं नाही, म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परत यायचं. मुकादम हसला नाही. त्याला हसायची सवय नसावी.

झिप पाठीवर असते, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत. स्वतःची स्वतःला लावताच येत नाही. दुसऱ्या माणसाने लावायची आणि त्यानेच उघडायची. नातू मदत करतो, पण तो स्वतःही सूट चढवून तिच्याबरोबर उतरणार, त्याच्या रबरी पंजात ती बारीक कडी येत नाही. तेव्हा नेमणूक कोणाची? तुझ्या आईची. मेण लावायचं, ओढायची, शेवटी दोन्ही हातांनी ताणून बघायची. डब्याचं झाकण लावण्यात जन्म गेला, हे काय अवघड?

उघडायचा मात्र इथला एक नियम आहे. माणूस वर आला की त्याच्या पाठीवर तळवा ठेवायचा आणि विचारायचं, कोण आलं? त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मगच झिप उघडायची. मुकादम म्हणाला की थंडीने ओठ बधिर होतात, डोकं चालत नाही, म्हणून विचारायचं. नाही बोललं तर झिप तशीच ठेवायची, शेगडीपाशी बसवायचं आणि पुन्हा विचारायचं. बोलेपर्यंत विचारायचं. मी विचारलं, तोवर त्याला लघवीला लागली तर? तेव्हा मात्र त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाणकोंबडी आज उलटी झाली! सूटमध्ये हवा जरा जास्त घेतली, ती सगळी पायांत गेली, आणि राणीसरकार पाय वर डोकं खाली अशा तरंगत वर आल्या. अख्ख्या समुद्राला शिकवणारी बाई, कमरेएवढ्या पाण्यात उलटी. नातू लाजला, मी धक्क्यावर बसून पोट धरून हसले. वर आल्यावर पाठीवर हात ठेवून विचारलं, कोण आलं? आतून आवाज, "तुझी पाणकोंबडी! उघड गं, गुदमरले!" झिप उघडली की आतून वाफ येते बघ, पावडरीचा आणि घामाचा वास घेऊन. भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यासारखी.

दोराच्या खुणाही शिकले. खाली गेलेल्याच्या कमरेला दोर, वरचं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे ना. तिने एकच परत दिला की ठीक आहे. सलग तीन म्हणजे वर ओढा. घरी सराव केला. ती न्हाणीत दार लावून, मी स्वयंपाकघरात, मधे दोर. मी एक हिसका द्यायची, ती एक. मधेच तिने तीन दिले. धावत गेले तर म्हणते टॉवेल विसरलाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज हसू नाही. परीक्षा शनिवारवर आली आणि तिला जमत नाहीये. हाताची बोटं आखडतात, खुणा विसरते. नातू जरा चढ्या आवाजात बोलला की तू घाबरतेस म्हणून जास्त हवा पितेस, आपलं सिलिंडर निम्म्या वेळात संपतं, अशाने कोण कामावर घेणार. तो वाईट नाही गं. काळजी वाटली की तो तुझ्यासारखाच ओरडतो.

ती न्हाणीत जाऊन रडली. मी दाराबाहेर पाट टाकून बसले. म्हटलं, सोड हा नाद, परत जाऊ आपण तुझ्या गरम समुद्राकडे, मी शंखशिंपले विकीन. तेव्हा हसली आणि बाहेर आली. म्हणाली, तिकडचं पाणी अंगाला लागतं, आजी. लाड करतं. इथलं अंगाला लागतच नाही, बाहेर उभं राहून वाट बघतं.

मी तिचे हात माझ्या स्वेटरात घेऊन बसले. तुझ्यानंतर मी कोणापाशी अशी बसले नव्हते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पास झाली! परीक्षकाने हात मिळवला, सोमवारपासून कामावर. मुद्दाम आधी हे सांगितलं, म्हणजे पुढचं वाचून रागावणार नाहीस.

खूप वेळ खाली होती. मी एक हिसका द्यायची, तिकडून एक यायचा. मग मधे एकदा आलाच नाही. पुन्हा दिला. नाही. तेवढ्यात ती वर आली, संथपणे, शिडी धरून एकेक पायरी. नातू मागे होता, तो परीक्षकाशी बोलायला गेला. ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पाठ केली. ओठ निळे, शाईसारखे. मी तळवा ठेवला, विचारलं, कोण आलं? काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. आता मला सांग, निळ्या ओठांचं लेकरू समोर असताना कोण प्रश्नोत्तरं करत बसेल? मुकादम सिलिंडर मोजत होता. मी झिप उघडली.

वाफ आली नाही. गार झुळूक आली, तळघराचं दार उघडावं तशी. म्हटलं, गोठलीय पोर. खोपटात नेऊन शाल गुंडाळली, चहा दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला. चहा निवला तरी धरूनच.

कमरेचा दोर तिने खालीच सोडला असेल, घाईत तो तसाच राहिला. एक टोक खुंटीला, दुसरं पाण्यात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाणकोंबडी कामावर गेली. थकवा नाही, कुरकुर नाही. नातू खूष. सकाळी मी म्हटलं, टोपी घाल गं, तर म्हणाली, "नको, अहो आजी." अहो! मी म्हटलं पगार सुरू झाला की माणसं अशी बदलतात होय? एरवी हसून लोळली असती. माझ्याकडे बघत उभी राहिली, जणू मी पुढे काय करते ते तिला बघायचं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिचा सूट ठिबकतोय. बाहेरून नाही, आतून. उलटा टांगलाय ना, गळ्याच्या पट्टीतून थेंब पडतात. शनिवारपासून. मी खाली बादली ठेवली, सकाळी भरलेली असते. सूट फाटलाय म्हणून नातवाने हवा भरून, साबणाचं पाणी लावून सगळीकडून तपासला. कुठेही भोक नाही. आणि हा ड्रायसूट बरं का, कोरडा झगा.

जेवताना नातू फुशारकी मारत होता. म्हणे आता तिला हवा किती कमी लागते, मुरलेल्या पाणबुड्यांनाही जमत नाही. आज तिचं सिलिंडर जवळजवळ भरलेलंच वर आलं. कौतुकाने सांगत होता गं. मी तिच्याकडे बघितलं. ताटातला भात तिने गोळे करून कडेला मांडून ठेवला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनबाईने आज मला घाबरवलं. मी नातसुनेला म्हटलं, परवाचं वाच ना मला. तिने फोन घेतला, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. काही होईना. दुसरं बोट. अंगठा. फोन तिच्या बोटाला ओळखेचना. माझं सुरकुतलेलं बोट त्याला कळतं, तिचं नाही. तिने फोन खाली ठेवला आणि हात मांडीवर. मी तो हात हातात घेतला. लेकी, मी बाजारात बर्फावरचे मासे निवडलेत आयुष्यभर. मला तो गारवा माहीत आहे.

म्हणून तुला हे बिनधास्त सांगते आहे. तिला हे उघडता येत नाही.

खिडकी सतत उघडी ठेवते. नातू दोन रजया घेऊन झोपतो. म्हणतो, तिला आता थंडीची सवय झाली, आजी, तूच नाही का म्हणायचीस सवयीने सगळं जमतं?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज धक्क्यावर गेले. ती आणि नातू बाहेर उन्हात बसले होते, सूट अर्धे काढून. ती माझ्या समोर होती, हे नीट लक्षात ठेव. समोर, बाकावर.

खुंटीवरचा तो दोर गुंडाळून ठेवावा म्हणून हातात घेतला. त्याला हिसका आला.

एक.

मग माझ्या हाताने आपोआप एक दिला. परत एक आला. मग तीन. मग पुन्हा तीन. टॉवेल मागताना द्यायची तसेच, शेवटचा जरा लाडात ओढलेला. तो हात मी ओळखते.

मान वर केली तर बाकावरची माझ्याकडे बघत होती.

नातवाला बोलावलं. त्याने दोर धरला, त्यालाही लागले हिसके. म्हणाला, टोक कपारीत अडकलंय, पाणी हलतं तसं ओढतं. मी म्हटलं, ओढ वर. त्याने जोर लावला. हलेना. म्हणाला, सोड, पुढच्या आठवड्यात कापून टाकू.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुकादमाकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, उघडण्याआधी ती बोलली होती का?

मी नाही म्हटलं. तो शेगडीत लाकूड सारत राहिला. मग म्हणाला, माझीही घरी आहे. बायको. मी घाईत उघडली होती, पुष्कळ वर्षं झाली. त्रास काही नाही तिचा. खात नाही फारसं. खिडकीत बसते. सवय होते, बाई.

मी विचारलं, आणि दोर? म्हणाला, वरून उत्तर मिळत राहिलं की खाली राहिलेली माणसं टिकून राहतात. एका हिवाळ्यात तळं गोठलं, दोर बर्फात अडकला. उन्हाळ्यात परत हातात घेतला तेव्हा नुसता दोर होता.

मी म्हटलं, परत मिळवता येत नाही? तो म्हणाला, जे वर आलंय ते परत खाली उतरावं लागतं, आणि वर कोणीतरी झिपेला हात न लावता उभं राहावं लागतं. माझ्याने नाही झालं. माझ्या बायकोच्याच चेहऱ्याने ते थंडीत उभं होतं, बाई. मी परत उघडली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल तू फोनवर काय म्हणालीस ते मी गिळलं, पण आज बोलते. मला विसरायला होतंय? मला? तुझ्या प्रत्येक दाताची तारीख मला पाठ आहे. नातवाने तुला सांगितलं आजीचं डोकं चालत नाही, ती सुनेला हात लावू देत नाही, सारखी तळ्यावर जाऊन दोराशी खेळते. आणि तू त्याचं ऐकलंस. आज डॉक्टरीण आणली होती. तिने विचारलं, आज वार कोणता, ही बोटं किती. मी म्हटलं, बाई, आधी तिकडे खिडकीतल्या बाईची नाडी बघ. नातू रागावून बाहेर गेला. डॉक्टरीण हसली. नाडी बघितली नाही. कोणीच बघत नाही. तिला गोड हसता येतं ना, मग झालं.

लेकी, मी थट्टा करत नाहीये. जन्मभर केली, म्हणून आता कोणी धरत नाही. माझ्या तळव्याखालून जिने 'तुझी पाणकोंबडी' म्हटलं ती खाली काळोखात आहे, आणि रोज मला विचारते आहे, ठीक आहे ना, ठीक आहे ना. मी रोज जाऊन एक हिसका देते. खोटा. काही ठीक नाही.

तू तुझ्या लेकाला सांग. माझं नाही ऐकत, तुझं तरी ऐकेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कडेने बर्फ धरला. काचेसारखा, पातळ. मुकादम काठीने दोराभोवतीचा फोडत होता. माझ्याकडे न बघता.

हिसके हळू झालेत.

तू नातवाशी बोललीस का? बोलली नसशील. विसरली असशील.

नातवाच्या पाया पडले. आजीने नातवाच्या. म्हटलं, शनिवारी गोठायच्या आधीची शेवटची बुडी मारा दोघं, झिप मला लावू दे, मग तुमच्या डॉक्टरणीच्या गोळ्या निमूट घेईन. त्याचे डोळे भरले. हो म्हणाला. चांगला आहे गं तो. तो एकच चांगला—

ती दारात उभी होती. ऐकत. तिने मान डोलावली. तिला उतरायला नेहमीच आवडतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगते. मधेच ठिपका सुटला तर समजून घे.

दोघांच्या झिपा मी लावल्या. तिची पाठ दगड. त्याची ऊबदार, तुझ्यासारखी. त्याने जाताना माझ्या गालाला रबरी हात लावला.

दोघांच्या कमरेला नवे दोर बांधले, जुना खुंटीलाच होता. गेले.

मग वर आली. ती. पाठ करून उभी राहिली. विचारलं, कोण आलं? गप्प. विचारलं. गप्प. लेकी, ती कुडकुडायला लागली. तिने खांदे अगदी आमच्या पाणकोंबडीसारखेच हलवले. माझा हात झिपेवर होता. मुकादमाने माझं मनगट धरलं. तो म्हातारा रडत होता. विचारलं. विचारलं. घसा बसेपर्यंत—

मग ती थांबली. कुडकुडणं एकदम बंद, दिवा बंद करावा तसं. वळली, शिडीवरून खाली गेली, पाण्यावर एक बुडबुडा नाही.

खुंटीच्या जुन्या दोराला तीन हिसके. आम्ही दोघांनी ओढला. आला. जड, पण आला. धक्क्यावर पालथी पडली, मी पाठीवर हात ठेवला. गरम, गं! रबरावरून गरम. "तुझी पाण—" पुढचं तिला बोलवेना. उघडली. वाफ आली. तोंडावर घेतली मी ती वाफ, डोळे मिटून.

म्हणून बघितलं नाही. तिच्यामागे तो कधी वर आला ते बघितलं नाही.

त्याने पाठ केली होती.

विचारलं.

३० नोव्हेंबर, रविवार

तुझा लेक स्वयंपाकघरात उभा आहे. सूट अंगात. आमच्यामागे चालत आला, जिना चढून, आणि ओट्यापाशी पाठ करून उभा राहिला. काल दुपारपासून. बसत नाही. बोलत नाही. मी विचारते, पाणी पिते, परत विचारते.

त्याचा दोर मुकादमाकडे आहे. त्याने निरोप पाठवलाय. दोराला हिसके येताहेत. जोरदार, तरुण माणसाचे. तो उत्तर देतोय.

पाणकोंबडी रजईत, शेगडीशी. बोट फोनला कळतं तिचं, मी पहिलं ते बघितलं. ती हात जोडते आहे. आजी, तो गारठलाय, उघड ना, तो माझ्यासाठीच खाली— मी तिचे दोन्ही हात माझ्या मांडीखाली घेऊन बसले आहे. तिचा दोष नाही. त्याचे कुडकुडणारे खांदे बघून मीही दोनदा उठले.

तुझा फोन वाजतोय, मी घेत नाही. तूही हेच म्हणशील. आई, माझं लेकरू आहे, उघड. आवाज ऐकला तर माझ्याने राहवणार नाही. म्हणून तू येऊही नकोस. ऐकलंस? तू आई आहेस, तू उघडशीलच.

बर्फ बराच पुढे आलाय म्हणे. आज बोलला नाही तर उद्या उजाडताच त्याला परत धक्क्यावर न्यायचं. नेईन. मी एकटी नेईन.

तुला करता येईल असं एकच. लिंबाचं लोणचं पाठव, तुझ्या हातचं, जुनं, काळं पडलेलं, बिनतेलाचं. त्याचा वास आला की तो झोपेतही तोंड वेडंवाकडं करून शिव्या द्यायचा, आठवतंय ना? पहाटेच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती दे. बरणी घट्ट बांध. आणि विसरू नकोस, लेकी, या एका वेळी विसरू— थांब. तो वळला. तोंड उघडतोय. पाणकोंबडे, हात, तुझा हात कुठे, झिपेला लावू नकोस— लेकी, बरणी मोठी पाठव, मोठी, आणि सोबत